डोक्याला बांधलेलं थेटर

दोन महिन्यांपूर्वी एक मित्र अमेरिकेहून येताना माझ्यासाठी व्हीआर हेडसेट घेऊन आला. कंपनीचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात नको आणि बदनामीही नको. गेम्स खेळायचं माझं वय गेलं. (बायकोच्या मते खेळणी विकत घ्यायचंही गेलंय.) मला त्यावर सिनेमे पाहायचे होते. डोळ्यांवर चढवला की समोर शंभर फुटी पडदा, असं ऐकून होतो.

आता आठ-दहा सिनेमे पाहून झालेत. म्हटलं या शनिवारी हिशोब मांडून टाकू. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते पुढे जायला मोकळे. चित्र छान दिसतं, पण सिनेमा पाहण्यातली अर्धी मजा या डब्यात अजून आलेली नाही. आणि ती पिक्सेल वाढवून येणार नाही.

पहिल्यांदा त्या शंभर फुटांचं बघू. डोळ्याला फूट कळत नाहीत, कोन कळतो. शंभर फूट रुंद पडदा शंभर फुटांवरून पाहिला, तर डोळ्याशी साधारण ५३ अंशांचा कोन होतो. आता घरातला ५५ इंची टीव्ही घ्या. तो साधारण चार फूट रुंद असतो. चार फुटांवर खुर्ची टाकून बसा, कोन तोच, ५३ अंश! म्हणजे लहानपणी "टीव्हीच्या इतक्या जवळ बसू नकोस" म्हणून आई ओरडायची, तेव्हा ती आपल्याला थेटरातून उठवत होती :)

मग टीव्हीजवळ बसून थेटरासारखं का वाटत नाही? कारण टीव्हीच्या आजूबाजूला शोकेस दिसतं, घड्याळ दिसतं, वाळत घातलेला टॉवेल दिसतो. हेडसेटमध्ये यातलं काही नाही. शिवाय दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवून पडदा लांब असल्याचा भास तो चोख निर्माण करतो. मेंदू फसतो, आणि आनंदाने फसतो. पहिल्या रात्री मी खरंच "वा!" म्हटलं होतं.

पण हिशोब पुढे न्यायला हवा. २०२३ साली आलेल्या क्वेस्ट ३ चे जाहीर आकडे घेऊ. त्यात एका अंशाला साधारण २५ पिक्सेल मिळतात. निरोगी डोळा एका अंशात साठेक टिपू शकतो. आपला पडदा ५३ अंशांचा, म्हणजे त्याच्या रुंदीला मिळाले जेमतेम तेराशे पिक्सेल. साधा फुल एचडी टीव्हीसुद्धा १९२० देतो. म्हणजे तुम्ही हौसेने फोरके सिनेमा लावला, तरी तो या चाळणीतून गाळूनच येणार. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या ॲपल व्हिजन प्रोमध्ये चित्र बरंच नितळ आहे, दोन्ही डोळ्यांचे मिळून २ कोटी ३० लाख पिक्सेल. पण बाजारात आला तेव्हा किंमत ३४९९ डॉलर. तेवढ्यात आपल्याकडे बरी सेकंडहँड गाडी येते, आणि तिच्यात बसून अख्खं घर थेटरात जाऊ शकतं.

वजन हा दुसरा मुद्दा. क्वेस्ट ३ भरतो ५१५ ग्रॅम. अर्धा किलो साखरेची पुडी कपाळाला बांधून अडीच तास बसून बघा, मग बोलू. बॅटरी साधारण दोन तासांची आणि आपले सिनेमे तीन तासांचे, त्यामुळे क्लायमॅक्सला वायर लावून बसावं लागतं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे अशा हेडसेटला आपण कुठे आहोत हे कॅमेऱ्यांनी बघून ठरवावं लागतं, म्हणून खोलीत थोडा उजेड लागतो. मिट्ट काळोख केला की तो गोंधळतो. थेटरात अंधार करतात आणि आमच्या घरी सिनेमासाठी नाइट लॅम्प लावतात!

एका बाबतीत मात्र शंभरपैकी शंभर. थ्रीडी. २०१३ साली 'झपाटलेला २' थ्रीडीत आला, तेव्हा ते काळसर चष्मे लावून पाहिला होता. त्या चष्म्यातून उजेड कमी होतो, सगळं संध्याकाळी घडतंय असं वाटतं. हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला स्वतःचं चित्र असतं, चष्म्याची भानगडच नाही. थ्रीडीचं वेड असेल तर बिनधास्त घ्या.

इथपर्यंतचं कुठलाही रिव्ह्यूवाला सांगेल. माझं मत बनलं ते बाबांमुळे.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गेल्या महिन्यात बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दीड महिना त्या पायावर वजन द्यायचं नाही असं बजावलं. टीव्ही हॉलमध्ये, बाबा आतल्या खोलीत. बसवलं की कंबर दुखते, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ छताकडे पाहत पाठीवर. "पंखा पाठ झाला रे," असं एकदा म्हणाले, हसत हसतच. पण ते ऐकून मला काही हसू आलं नाही.

तेव्हा हेडसेट आठवला. त्यात पडदा उचलून छतावर लावता येतो. बाबांनी पहिल्यांदा कुरकुर केली, "हे काय मोटारसायकलवाल्यासारखं?" पण लावून घेतला. मी 'अशी ही बनवाबनवी' सुरू केला. १९८८ साली तो आम्ही चौघांनी थेटरात पाहिला होता. बाबांची चेतक, पुढे मी उभा, मागे आई आणि तिच्या मांडीवर ताई. बाबा इतके हसले होते की पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून पाहिलं, आणि मग तोही हसायला लागला.

पाच मिनिटांत बाबांचा चेहरा सैल झाला. (अर्धाच दिसत होता, पण कळत होतं.) पडद्यावर यायच्या आधीच ते संवाद म्हणू लागले. मग एकदम खो खो हसले आणि मान डावीकडे, माझ्याकडे वळवून म्हणाले, "बघितलंस?"

मी काय बघणार? माझ्यासमोर काळा डबा लावलेले बाबा होते. आणि त्यांना डावीकडे दिसल्या असणार त्या खोट्या थेटरातल्या रिकाम्या खुर्च्या. ते क्षणभर थांबले. "तू आहेस ना रे?"

"आहे बाबा, इथेच आहे. तुम्ही बघा."

मी फोनवर त्यांचं चित्र घ्यायचा प्रयत्न केला. हेडसेटमध्ये जे दिसतं ते फोनवर पाठवायची सोय असते. पण सिनेमा सुरू असला की फोनवर नुसता काळा चौकोन, कारण कॉपी करू नये म्हणून सिनेमाला कुलूप घातलेलं असतं. कुलूप का घालतात हे मला कळतं, पोटापाण्यासाठी मीही असलीच कामं करतो. पण शेजारी बसलेल्या मुलाला बापाबरोबर सिनेमा बघता येऊ नये, अशी कुणाची इच्छा होती असं वाटत नाही. त्याचा कुणी विचारच केला नव्हता, एवढंच.

शेवटी लॅपटॉप आणला, तोच सिनेमा लावला, आणि बाबांचा हात धरून "एक, दोन, तीन" म्हणत दोन्हीकडे एकदम सुरू केला. अर्ध्या सेकंदाचा फरक राहिला. बाबा आधी हसायचे, मग मी. पण ते पुन्हा रिकाम्या खुर्च्यांकडे वळले नाहीत.

या वादाचा निकाल एकदा लागून गेलाय असं मला वाटतं. १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कायनेटोस्कोपचं दुकान उघडलं. लाकडी पेटी, वर भोक, एका वेळी एक माणूस वाकून बघणार. पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १८९५ ला, ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून तीच हलती चित्रं पडद्यावर सगळ्यांना एकदम दाखवली. ७ जुलै १८९६ ला ते खेळ मुंबईत वॉटसन हॉटेलात पोचलेसुद्धा! पेटी मागे पडली, पडदा जिंकला. आपल्या जत्रेतल्या बायोस्कोपवाल्यालाही हे कळत होतं, त्याच्या डब्याला एकच भोक नसे. पोरं डोकी एकमेकांना लावून बघायची.

आता कुणी म्हणेल, व्हीआरमध्येही दोघांना एकत्र सिनेमा बघता येतो, बिगस्क्रीनसारखी ॲप्स आहेत. आहेत, आणि मित्र दुसऱ्या देशात असेल तर उत्तमच. पण त्याला दोघांकडे दोन हेडसेट लागतात. एकाच घरात, एकाच पलंगावर, चार माणसांनी चार डबे लावून आपापल्या बाहुल्या शेजारी बसवायच्या, हे मला काही पटत नाही.

म्हणून माझं मत असं. ज्याला उठून थेटरात, नव्हे हॉलमध्येसुद्धा जाता येत नाही, त्याच्यासाठी हा डबा फार मोलाचा आहे. त्याने बाबांना त्या पंख्यापासून सोडवलं, त्याचे पैसे तिथेच वसूल झाले. पण ज्याला जाता येतं त्याने तो लावून घरच्यांपासून लांब बसू नये. आणि हेडसेट बनवणाऱ्यांनी पुढच्या वेळी पिक्सेल थोडे कमी वाढवले तरी चालतील, शेजारच्याला तेच चित्र दिसेल एवढं आधी करा.

असो. कालपासून बाबा वॉकर घेऊन हॉलपर्यंत येतात. आज रात्री 'धूमधडाका' लावायचा ठरलाय. पडदा छोटाच आहे, पण खुर्च्या भरलेल्या असतील.