वंगणवाल्याचे नाव

नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचे गोडवे मीही गातो. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरांचा पसारा, आणि वेळ मागायला जगभरचे संशोधक! पण उन्हापावसात वर चढून मोटारी, गिअर आणि तारांची जाळी सांभाळतो कोण? शोधनिबंधाच्या शेवटी कर्मचारीवर्गाचे आभार मानणारी एक ओळ असते. नाव एकाचेही नाही! अहो, देवळाची पायरी बांधून देणाऱ्याचे नाव आपण पायरीवर कोरतो. (त्यावर भक्तांचे पाय पडतात, ते निराळे.) एक तबकडी बंद पडली की उरलेल्या २९ जणींशी जमलेली तिची प्रत्येक जोडी फुटते. ती पुन्हा जमवणारा संशोधनाबाहेरचा कसा? त्याचे नाव छापा, लेखकांच्याच पंगतीत.