फिक्या रंगांची पारख

मैत्रिणींनो, गणपती उठले की घरोघरी एकच विषय निघतो. यंदा दिवाळीआधी रंग द्यायचा! मग दुकानातून शेडकार्ड येतं आणि खरी पंचाईत सुरू होते. लाल की हिरवा, हे ठरवणं सोपं असतं हो. पण मोतिया, हस्तिदंती, सायीचा, लोण्याचा, फिकट बदामी असे पाच ठिपके शेजारी शेजारी पाहून यजमान म्हणतात, "सगळे सारखेच तर आहेत, घे कुठलाही." एवढं बोलून ते मोकळे होतात. पुढची पाच-सहा वर्षं त्या भिंतींकडे दिवसभर पाहायचं असतं ते आपल्याला.

हे रंग सारखे नसतात. फिक्या रंगात पांढरा भाग पुष्कळ आणि खरा रंग चिमूटभर असतो, पण ती चिमूट कशाची आहे यावर सगळं अवलंबून. हीच त्या रंगाची झाक. आपल्या आज्यांना हे पक्कं ठाऊक होतं. चुन्यात थोडी नीळ घालून त्या भिंती सारवून घेत, कारण निळी झाक पिवळेपणा मारते आणि भिंत जास्त पांढरी भासते. धोतर-साड्यांना नीळ देण्यामागेही तेच कारण.

झाक ओळखायला एक कोरा पांढरा कागद पुरतो. तो ठिपक्याशेजारी धरा. मघाशी 'पांढराच' वाटणारा रंग लगेच पिवळट, गुलाबीसर, हिरवट किंवा राखाडी म्हणून उघडा पडतो. एकाच पट्टीवर फिक्यापासून गडदपर्यंत छटा दिल्या असतील तर सर्वांत गडद छटा पाहा, म्हणजे चिमूट कशाची ते कळेल.

आता सांगा, नगरच्या कापड बाजारात ब्लाउजपीस घेताना आपण काय करतो? (जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी तोंडात अजून नगरच येतं!) साडी हातात घेऊन सरळ दुकानाच्या पायरीवर, उजेडात येतो. आतल्या दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे पडतात, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. एवढ्याशा कापडासाठी ही पारख, आणि अख्ख्या घरासाठी मात्र दुकानातच कार्डावर बोट ठेवायचं, हे कुठलं गणित?

भिंतीला मात्र पायरीवरचा उजेड उपयोगाचा नाही. तिथे आपल्याच खोलीचा उजेड हवा. सावेडीकडच्या नव्या घरांत मोठ्या खिडक्यांतून आपल्याकडचं कडक ऊन आत येतं. तिथे पांढराशुभ्र रंग डोळ्यांवर येतो, किंचित राखाडी किंवा हिरवट झाक निवते. तोच राखाडी जुन्या वाड्याच्या माजघरात लावाल तर भिंत धुवायला झाली की काय असं वाटेल. तिथे सायीची, लोण्याची ऊबदार झाकच बरी. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड निळसर असतो, हेही ध्यानात ठेवा. खिडकीबाहेर कडुनिंब असेल तर भिंतीवर हिरवट छाया येते, आणि लाल कोब्याची जमीन असेल तर भिंत खालून गुलाबी दिसते. रात्रीचं आणखी निराळं. एलईडी दिव्याच्या खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असेल तर प्रकाश निळसर पांढरा, २७०० किंवा ३००० असेल तर पिवळा. दिवे बदलायचे असतील तर आधी दिवे बदला, मग रंग ठरवा.

म्हणून दोन-तीन रंगांचे लहानात लहान डबे आणा. दोन फुटी जाड पुठ्ठ्यांना दोन हात द्या आणि भोवती पांढरी कड सोडा. जुन्या भिंतीवरच ठिपके मारू नका. जुनी भिंत हिरवी असेल तर नवा क्रीम उगाच गुलाबी दिसेल. शेव्हरूल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लाँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचं काम पाहत. तिथे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. दोष काळ्या रंगात नव्हताच, तो शेजारच्या धाग्यांच्या रंगांचा परिणाम होता. १८३९ साली त्यांनी त्यावर मोठा ग्रंथच लिहिला.

पुठ्ठे उभे ठेवा आणि सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर पाहा. पूर्ण वाळू द्या, बरं का. चुना वाळल्यावर उजळतो, इमल्शन मात्र बहुधा थोडं गडद होतं.

घरात वयस्कर माणूस असेल तर पुठ्ठा त्यांनाही दाखवा. आमच्या सासूबाईंना आम्ही निवडलेला हस्तिदंती "हळदुला" वाटायचा आणि आम्हाला तो हट्ट वाटायचा. पण मोतीबिंदू वाढताना डोळ्याच्या भिंगालाच पिवळट-तपकिरी झाक येते, तेव्हा त्या खोटं बोलत नव्हत्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंत, दार, चौकट सगळं एकाच फिक्या रंगात असलं की अशा डोळ्यांना कडा सापडत नाही. रात्री न्हाणीघराकडे जाताना हात दाराऐवजी भिंतीवर पडतो, आणि त्या वयात पडणं म्हणजे किती महाग, हे सांगायला नको. खेड्यातल्या घरांत पांढऱ्या भिंतीच्या तळाशी कावेचा तांबडा पट्टा असे. त्याने सारवणाचे शिंतोडे झाकत आणि भिंत कुठे संपते तेही दिसे. आम्ही सासूबाईंच्या खोलीला त्यांच्या पसंतीचा निळसर पांढरा दिला आणि चौकटी गडद तपकिरी केल्या. मासिकांतल्या चित्रांत सगळं पांढऱ्यात पांढरं छान दिसतं खरं, पण त्या चित्रांत कुणाची सासू चालत नसते.

रंग घेताना सगळे डबे एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्या आणि रंगाऱ्याला ते मोठ्या बादलीत एकत्र करायला सांगा. यंत्रावर मिसळलेल्या दोन डब्यांतही बारीक फरक पडू शकतो. कंपनीचं नाव, रंगाचा क्रमांक आणि मॅट की चकाकीचा, हे चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. उरलेला रंग झाकण घट्ट लावून ठेवा. कॅलेंडरचा खिळा काढला की भोक बुजवायला तोच लागतो.