द्राक्षांचे दोन रस्ते

बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीपुढे मांडलेली द्राक्षांची आरास पाहायला एकदा आम्ही सारे गेलो होतो. आत्याने हात जोडले आणि म्हणाली, ''शेतकऱ्याच्या घामाला देवाचा दरबार मिळाला हो!'' शेजारी तिचा मुलगा, दिंडोरीचा माझा आत्येभाऊ, गप्प उभा. त्याची द्राक्षे वाइनच्या कारखान्यात जातात, हे त्याने आईला सांगितलेच नव्हते.

लेबनॉनमध्ये १९७५ ते १९९० अशी यादवी पेटली होती. बेका खोऱ्यातली द्राक्षे सर्ज होशार यांच्या कारखान्यात पोचवायला ट्रक तोफांच्या माऱ्यातून न्यावे लागत. १९७६ साली तर वाइन झालीच नाही. आपल्याकडे तोफा नाहीत. पण भांडण आहे, आणि ते घराघरात आहे.

नारायणगावच्या शामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फेसाळती वाइन परदेशी पाठवली. २००१ मध्ये राज्याने या धंद्यासाठी खास धोरण आखले. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरवले आणि वादळ उठले. सरकार म्हणाले, यात शेतकऱ्याचे भले आहे. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला.

मला दोन्ही बाजू कळतात. आमच्या वाड्यातले एक घर दारूने बसलेले मी लहानपणी पाहिले आहे. त्यामुळे आयाबायांची भीती मला खोटी वाटत नाही. पण शेतकऱ्याचे भले म्हणजे नेमके कोणाचे? आपण खातो ती थॉमसन सीडलेस. वाइनला लागते शिराझ किंवा शेनिन ब्लाँ : बारीक मणी, जाड साल, आत बी. मंडईत तिला कोण विचारणार? खरड छाटणी, गोडी छाटणी करून वर्षभर जपलेला माल कारखान्याने नाकारला, की त्याला दुसरे गिऱ्हाईक नाही. २००८ च्या मंदीनंतर अनेकांना वेली उपटाव्या लागल्या, त्या यामुळेच. विक्री कुठे व्हावी, हे समाजाने ठरवावे. पण करार पाळला जाईल, याची हमी सरकारने द्यायलाच हवी.

आत्येभावाने अखेर आईला सांगून टाकले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ''मला हे आवडलेलं नाही. पण पैसे तरी वेळेवर देतात ना रे?''

सरकारनेही आधी हाच प्रश्न विचारायला हवा होता.