घरकुलाच्या पायाखालची माती कोण पाहणार?

काळी पिकासाठी आणि पांढरी वस्तीसाठी, ही आपल्या गावांची जुनी रीत. वर्धा जिल्ह्यातील देवळी परिसराची काळी कपाशीला मानवते. घराला मात्र दगा देते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो आणि भिंत तडकते. गावठाणात ज्याला जागा नाही, त्याला या काळीतच घर बांधावे लागते.

रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांना घरकुल देते. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर ठरतात. मातीचे काय? तिची प्राथमिक परीक्षा साधी आहे. चाळलेली कोरडी माती १०-१० ग्रॅम दोन मोजनळ्यांत घ्यायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलात ती फुगत नाही. २४ तासांनी दोन्हींतला फरक दिसतो. माती फुगणारी निघाली तर पाया घट्ट मुरमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असेल तर तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब घालता येतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ते अशाच जमिनीसाठी विकसित केले आहेत.

१९९५ मध्ये चमेली सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो खटलाही अनुसूचित जातींच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचाच होता. तडकलेल्या भिंतींत हा हक्क कसा नांदणार? म्हणून आमची मागणी आहे : पहिल्या हप्त्याआधी माती तपासा आणि खोल पायाचा वाढीव खर्च अनुदानात धरा. लाभार्थी बांधवांनो, चर खणताना काळी संपली की नाही, हे तुम्हीही स्वतः उभे राहून पाहा.