चोर कोण, संन्यासी कोण?

संगीताच्या बाजारपेठेचा गेल्या पाव शतकाचा इतिहास एका ठरीव कथेच्या रूपाने आपल्यापुढे मांडला जातो. ध्वनिमुद्रण कंपन्या सचोटीने आपला व्यवसाय करीत होत्या; इतक्यात संगणकाच्या जाळ्यातून दरोडेखोर अवतरले, त्यांनी गाण्यांची लूट केली आणि बिचारे कलावंत देशोधडीला लागले. ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, ती तपासून पाहण्याची कोणाला गरजच वाटत नाही. आम्हांला ती वाटते. कारण या कथेत कलावंताचे नाव घेऊन जो कंठशोष केला गेला, त्याचा कलावंताच्या पोटाशी फार थोडा संबंध होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कथेचा आरंभ अमेरिकेत होतो. जर्मनीतील एर्लांगेन येथील संशोधकांनी ध्वनी आक्रसून लहान करण्याची जी पद्धत सिद्ध केली होती, ती एमपी-३ या नावाने प्रचारात आली आणि तबकडीवरचे गाणे मूळच्या सुमारे एकदशांश जागेत मावू लागले. १९९९ च्या जून महिन्यात शॉन फॅनिंग या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘नॅप्स्टर’ सुरू केले. कोणाच्या संगणकावर कोणते गाणे आहे याची एक मध्यवर्ती यादी, एवढेच त्याचे रूप. गाणी मात्र लोक एकमेकांच्या संगणकांवरून परस्पर उतरवून घेत. त्याच वर्षी डिसेंबरात ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि २००१ च्या जुलैमध्ये नॅप्स्टर बंद पडले.

न्यायालयाचा निर्णय कायद्याला धरून होता, याविषयी आमचा वाद नाही. आमचा प्रश्न निराळा आहे: लाखो माणसे एका रात्रीत चोर का झाली? त्यांत बहुसंख्य अशी होती की, ज्यांनी दुकानातून कधी पेन्सिलही उचलली नव्हती. याचे उत्तर दुकानातच होते. आवडलेल्या एका गाण्यासाठी ग्राहकाला डझनभर गाण्यांची अख्खी तबकडी विकत घ्यावी लागे. सुटे गाणे विकण्याची जुनी चाल कंपन्यांनी जवळजवळ मोडीत काढली होती. तबकडीची किंमतही बाजाराने ठरविलेली नव्हती. २००० साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पाच बड्या कंपन्यांना याबद्दल जाब विचारला. ठरावीक किमतीच्या खाली जाहिरात करणाऱ्या दुकानदारांचे जाहिरात-अनुदान त्या रोखून धरीत. या व्यवहारामुळे ग्राहकांनी तीन वर्षांत सुमारे ४८ कोटी डॉलर जादा मोजले, असा आयोगाचा अंदाज होता. पुढे राज्यांनी भरलेल्या दाव्यात २००२ साली रोख रक्कम आणि तबकड्या मिळून सुमारे १४.३ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. चोरीच्या नावाने टाहो फोडणाऱ्यांच्या हिशेबवहीचे हे पान सहसा उघडले जात नाही.

यानंतर या मंडळींनी जे केले, त्याला अक्कलहुशारीचे दिवाळे म्हणतात. नॅप्स्टरची मध्यवर्ती यादी बंद करताच अशी साधने निघाली की, ज्यांना मध्यवर्ती असे काही नव्हतेच. डोके उडवावे तर डोकेच नाही! कंपन्यांनी डिसेंबर २००१ मध्ये ‘म्युझिकनेट’ आणि ‘प्रेसप्ले’ अशा दोन सेवा उघडल्या. पण तेथील गाण्यांना मुदत होती, वर्गणी थांबली की गाणे मुके होई. लोकांनी पाठ फिरविली. शेवटी २००३ च्या २८ एप्रिलला दुकान थाटले ते एका संगणक कंपनीने. ‘अ‍ॅपल’च्या त्या दुकानात सुटे गाणे ९९ सेंटला मिळे आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. ज्यांना चोर म्हणून हिणविले गेले होते, तेच लोक रांगेत उभे राहून पैसे मोजत होते. चार वर्षे त्यांना कोणी धड दुकानच उघडून दिले नव्हते.

एवढे दिसूनही शहाणपण आले नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संघटनेने २६१ व्यक्तींवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधील एक बारा वर्षांची मुलगी होती. तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून प्रकरण मिटविले. पुढे एका मृत वृद्धेवरही दावा दाखल झाला. पाच वर्षांत सुमारे ३५,००० लोकांना असे कायद्याच्या दारात उभे केले गेले. मिनेसोटा राज्यातील एका आईला २४ गाण्यांपायी ज्यूरीने २००७ साली २,२२,००० डॉलर दंड ठोठावला. फेरसुनावणीत तो १९ लाख २० हजारांवर गेला आणि अनेक फेऱ्यांनंतर २०१२ साली पुन्हा मूळ आकड्यावर आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. मात्र येथे संन्याशाबरोबर गिऱ्हाइकालाही सुळावर चढविले गेले. २००५ साली ‘सोनी बीएमजी’च्या तबकड्या ज्यांनी रीतसर पैसे देऊन विकत घेतल्या, त्यांच्या संगणकांत कंपनीने एक छुपी प्रणाली घुसविल्याचे उघड झाले, तिच्यामुळे संगणक परक्या घुसखोरांना मोकळे पडत होते. तबकड्या परत मागवाव्या लागल्या. म्हणजे फुकट घेणारा सुरक्षित आणि पैसे देणारा गोत्यात! २००९ च्या प्रारंभी ‘अ‍ॅपल’च्या दुकानातील गाण्यांवरची कुलपे काढली गेली. त्यामुळे आकाश कोसळले नाही.

आता ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप, त्या कलावंताकडे वळू. १९९९ च्या नोव्हेंबरात, म्हणजे नॅप्स्टरवरील दाव्याच्या अगदी तोंडावर, अमेरिकी संसदेत उपग्रह दूरचित्रवाणीविषयीच्या एका विधेयकात चार ओळींचे कलम हळूच सरकविण्यात आले. त्या कलमाने ध्वनिमुद्रणे ही ‘मोलाने करवून घेतलेली कामे’ ठरत होती. पस्तीस वर्षांनंतर आपल्या गाण्याचे हक्क परत मागण्याची जी मुभा गायकाला कायद्याने होती, ती या कलमाने हिरावली जात होती. यामागे कोण होते? कंपन्यांची तीच संघटना. कलम घालणारा समितीचा कर्मचारी थोड्याच महिन्यांत त्या संघटनेच्या नोकरीत रुजू झाला! गायकांनी गदारोळ केला, तेव्हा २००० च्या ऑक्टोबरात ते कलम मागे घ्यावे लागले. एका हाताने कलावंताचे अश्रू पुसायचे आणि दुसऱ्या हाताने त्याचा खिसा चाचपायचा, याला काय म्हणावे?

हा रोग केवळ सातासमुद्रापलीकडचा आहे, असे वाचकांनी समजू नये. १९६० नंतरच्या दशकात लता मंगेशकर यांनी पार्श्वगायकालाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. महंमद रफींचे मत वेगळे होते आणि त्या मतभेदापायी ही दोघे काही काळ एकत्र गायली नाहीत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांवरील हक्क निर्मात्याच्या पदरात टाकले, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी निकालाला स्वतंत्र टिपण जोडून आपला कायदा गायकाला रिकाम्या हाती ठेवतो, ही खंत नोंदविली. गीतकार-संगीतकारांना त्यांच्या रॉयल्टीचा न सोडता येणारा वाटा देणारी दुरुस्ती यायला २०१२ साल उजाडावे लागले. या सगळ्या वर्षांत इंटरनेटवरचा कोणता चोर आडवा आला होता?

फुकट्यांची बाजू घेण्याचा मात्र आमचा मुळीच विचार नाही. ‘कला सर्वांची आहे’ असे म्हणत दुसऱ्याचे श्रम उचलणारे आम्हांला तितकेच अप्रिय आहेत. ‘मेटालिका’ या वाद्यवृंदाचे एक गाणे अपुऱ्या अवस्थेतच नॅप्स्टरवरून फुटले आणि आकाशवाणी केंद्रांवर वाजू लागले. त्यांचा संताप न्याय्य होता. २०१६ साली ‘उडता पंजाब’ प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आला आणि तीही परिनिरीक्षणासाठी दिलेली प्रत! वर्षभर राबलेल्या प्रकाशयोजनाकारांचा, संकलकांचा त्यात काय अपराध? २०२३ च्या दुरुस्तीने आपल्याकडे अशा चोरट्या चित्रणाला तीन महिने ते तीन वर्षे कैद ठेवली आहे, ती ठेवावी. पण कैदेच्या धाकाने चित्रपट गावोगावी रास्त दरात पोहोचत नाही, हेही सांगावे.

उद्योग आता सावरला आहे. अमेरिकेतील ध्वनिमुद्रणांची उलाढाल १९९९ साली १४.६ अब्ज डॉलर होती, ती घसरत ७ अब्जांखाली गेली आणि २०२१ साली १५ अब्जांवर पोहोचली (महागाई धरली तर हा डोंगर दुरूनच साजरा). ही किमया वर्गणी भरून ऐकण्याच्या सेवांची, त्यांत पुन्हा मोठ्या कंपन्यांना ‘स्पॉटिफाय’मध्ये आरंभीच भागभांडवल मिळालेले. मग कलावंत सुखी झाला का? २०२३ साली हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस आणि नट ११८ दिवस संपावर होते. त्यांच्या मागण्यांत एक होती, ती इंटरनेटवरून दाखविल्या जाणाऱ्या कृतींच्या पुनःप्रक्षेपणाच्या मानधनाची. कोणी फुकट्याने त्यांचे घेतले, अशी त्यांची तक्रार नव्हती. तक्रार होती ती धन्याविरुद्ध.

आणि ‘स्पॉटिफाय’ने २०२४ पासून नियम केला आहे की, मागील बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला काहीच द्यायचे नाही. ते गाणे सेवेवर राहते, ऐकले जाते, त्याच्या नावाची रक्कम मात्र अधिक ऐकल्या जाणाऱ्या गाण्यांकडे वळते. अनोळखी गायकाचे गाणे वापरून त्याला दमडी न देण्याच्या या व्यवहाराला कोणता शब्द लावावा, हे २००३ साली त्या बारा वर्षांच्या मुलीला कोर्टात खेचणाऱ्या वकिलांनीच आम्हांला सांगावे.