इतिहासाची पदवी आणि कागदाची लिपी

इतिहासात एम. ए. होण्यास काय लागते, याचे उत्तर परभणीच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या कचेरीत मिनिटभरात मिळेल. बी. ए. नंतर दोन वर्षे, चार सत्रे. २०२३ साली राज्याने लागू केलेल्या नव्या आराखड्यानुसार संशोधनपद्धतीची स्वतंत्र अभ्यासपत्रिका आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. प्रकल्प लिहिल्यावाचून पदवी नाही, ही अट स्वागतार्ह आहे. परंतु तो प्रकल्प कशाच्या आधारे लिहावयाचा?

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याचा सरकारी कारभार आधी फारसीतून व पुढे उर्दूतून चाले. गावचे दप्तर आणि सावकाराचे खत बव्हंशी मोडीत असे. निजामशाहीच्या संस्थापकाचे पूर्वज आपल्या पाथरीचे होते, ही हकीकतही फिरिश्त्याच्या फारसी इतिहासातूनच आपल्याला कळते. तेव्हा देवनागरीपलीकडे एकही लिपी न वाचणारा पदवीधर या जिल्ह्यावर काय लिहील? दुसऱ्यांनी लिहिलेले पुन्हा लिहील. त्यास संशोधन म्हणणे ही आत्मवंचना होय.

ही केवळ पंडितांची चिंता नव्हे. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील जुनी दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज सर्वांना कळली. त्या मागणीविषयी कोणाचे मत काहीही असो; आपल्याच आजोबांचे नाव कागदावर असूनही ते आपणांस वाचता येऊ नये, ही स्थिती लाजिरवाणी आहे.

आमचे काही प्राध्यापक मित्र म्हणतील की, खेड्यातून एस. टी. ने येणाऱ्या, घरची शेती सांभाळून शिकणाऱ्या मुलांवर हे नवे ओझे कशाला? पूर्वी शिक्षक म्हणून काही वर्षे फळ्यापुढे काढल्यामुळे या मुलांची ओढाताण आम्ही जाणतो. पण मराठी येणाऱ्यास मोडीची अक्षरओळख काही आठवड्यांत होते. पुढचे काम सरावाचे. उर्दूसाठी तर परभणीकरांस गाव सोडावे लागत नाही. शिकविणारे शेजारच्याच मोहल्ल्यात आहेत. निलंग्यात जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडींनी सरकारी नोकरी सांभाळून फारसी साधने मराठीत आणली. सर्वच पगडी होणार नाहीत. पण एक कागद लावता येणे एवढी अपेक्षा फार नव्हे.

राज्याचा आराखडा सर्व विषयांना समान आहे. त्यात लिपीची अट शोधणे व्यर्थ. ती घालणे हे इतिहासाच्या अभ्यासमंडळाचे काम. परभणी ज्याच्या कक्षेत येते त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने यात पुढाकार घ्यावा. मोडी किंवा उर्दू यांपैकी एक लिपी प्रत्येक विद्यार्थ्यास आलीच पाहिजे, आणि प्रत्येक प्रकल्पास स्वतः वाचलेला किमान एक अप्रकाशित कागद, वाचनासह, जोडलाच पाहिजे, असा नियम व्हावा. दरवर्षी काही कागद उजेडात आले तरी दहा वर्षांत जिल्ह्याच्या इतिहासाचे एक साधनसंग्रहालय उभे राहील.

वाड्यांच्या माळ्यावरील रुमाल वाळवीच्या तोंडी जात आहेत, आणि ते वाचू शकणारी वृद्ध माणसे एकेक करून जात आहेत. अभ्यासमंडळाच्या पुढील बैठकीची वाट वाळवी पाहणार नाही.