टेम्सच्या उत्तर तीरी

भाद्रपद शुद्ध चतुर्थी उंबरठ्यावर येऊन ठेपली आहे. रविवार कारंजावर दुर्वांच्या जुड्या आणि केवड्याची कणसे येऊन पडली आहेत, भद्रकालीच्या बाजारात नारळांचे ढीग लागले आहेत, आणि घरोघरी तांदळाची पिठी वस्त्रगाळ होऊन डब्यांत भरली जात आहे. अशा मंगल प्रसंगी प्रस्तुत लेखकाला मात्र एक निराळाच विषय सुज्ञ वाचकांपुढे मांडावासा वाटतो. ज्या घरातले कोणीच परदेशी नाही अशी घरे आमच्या पंचवटीत आता फारशी उरलेली नाहीत. आपल्या लेकी-जावई, मुले-सुना तिकडे दोघे-दोघेच संसार करून आहेत. ती सणवार कसे करतात, आणि जसे करतात ते शास्त्राला धरून आहे काय, याविषयी आमच्या ओट्यावर जे बोलणे चालते ते बहुधा खंत आणि कुचेष्टा या दोनच सुरांत चालते. त्या बोलण्यात मीही होतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या कन्येचा लंडनहून फोन आला. ‘‘अण्णा, आम्ही यंदा गणपती शनिवारी बसवणार आहोत. चतुर्थीला आम्हा दोघांनाही रजा मिळत नाही.’’ मी तत्क्षणी उत्तरलो, ‘‘गणपती का तुमच्या कचेरीतला कारकून आहे, सुट्टी पाहून यायला?’’ जन्मभर कीर्तनात सभा हसवणाऱ्या माणसाला असे वाक्य सुचायला वेळ लागत नाही. पलीकडून काहीच शब्द आला नाही. त्या वर्षी तिने आरासीचे छायाचित्र पाठवले नाही, आणि आमच्या सौभाग्यवती दोन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलल्या.

पुढच्या भाद्रपदात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. लंडनच्या वायव्येला हॅरो नावाचे उपनगर आहे, तेथे त्यांचे दोन खोल्यांचे घर. दोघेही सकाळी साडेसातला बाहेर पडतात आणि दिवेलागणीला परततात असे लिहिणार होतो, पण तेथे दिवेलागण ही वेळच ठरलेली नाही. जून महिन्यात सूर्य सव्वानऊपर्यंत मावळत नाही आणि डिसेंबरात चार वाजायच्या आतच तो दिसेनासा होतो. देवापाशी दिवा लावून ‘शुभं करोति’ म्हणायचे ते केव्हा? मुलीने यावर तोडगा काढला होता. दोघांपैकी जो आधी घरी येईल त्याने हातपाय धुऊन दिवा लावायचा. बहुतेक दिवशी तो मान जावईबापूंचा असतो. कणीक तिंबणे, भाजी चिरणे हेही ते सहजपणे करतात. माझ्या पिढीतल्या पुरुषांना पोह्यांची फोडणीसुद्धा साधत नाही, हे लिहिताना संकोच वाटतो खरा.

त्यांचा स्वयंपाक रविवारी होतो, आठवड्याचा. पुरण, वाटण, खोवलेला नारळ, सगळे फ्रीजरमध्ये. सौभाग्यवतींनी ते पाहून माझ्याकडे पाहिले, कारण शिळ्या अन्नाविषयी मी काय बोलतो ते त्यांना ठाऊक आहे. पण मला तेथे बौधायनाची आठवण झाली. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडील आणि उत्तरेकडील लोकांच्या पाच-पाच वेगळ्या चाली सांगितल्या आहेत. दक्षिणेच्या चालींत पत्नीसह भोजन करणे आणि शिळे अन्न खाणे या दोन आहेत. उत्तरेच्या चालींत समुद्रप्रवास आहे. जी चाल ज्या देशाची, तिला त्या देशाचेच प्रामाण्य, असा एक पक्ष तेथे मांडला आहे. गौतमांचे त्याविरुद्धचे मतही त्याच ठिकाणी नोंदले आहे, आणि पुढे समुद्रगमन दोषांच्या यादीत बसवले गेले, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु देश बदलला की आचाराचा प्रश्न उपस्थित होतो आणि त्यावर शहाण्या माणसांत मतभेद असू शकतो, एवढे तरी आमच्या सूत्रकारांना मान्य होते. आमच्या ओट्यावर ते मान्य नव्हते.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी मुलगी आम्हाला वेम्ब्लीच्या ईलिंग रोडवर घेऊन गेली. गुजराती बांधवांची दुकाने तेथे ओळीने लागलेली आहेत. तांदळाची पिठी, गूळ, विड्याची पाने, नारळ, सगळे मिळाले. दुर्वा मात्र मिळाल्या नाहीत, आणि त्या थंड मुलखातील हिरवळीत त्या सहसा उगवतही नाहीत. ‘‘मग तुम्ही काय वाहता?’’ मी विचारले. ‘‘घरामागच्या हिरवळीतले गवत,’’ ती खाली पाहून म्हणाली. मी सांगितले, ‘‘गवताला दुर्वा म्हणू नकोस. जो उपचार मिळत नाही त्याच्या अभावी अक्षता वाहाव्यात, हे तर पूजाविधीतच आहे.’’ तिचा चेहरा उजळला. वर्षानुवर्षे ती ते गवत मनातल्या अपराधी भावनेसह वाहत होती. एवढे साधे उत्तर बापाने फोनवर कधी दिले नव्हते, कारण बाप त्या वेळी विनोद करण्यात गुंतला होता.

दुसऱ्या दिवशी दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. पहाटे पाचला उठून मुलीने एकवीस मोदक वळले. काही फुटले, काहींना कळ्या नीट आल्या नाहीत. धूप लावताच छतावरचा स्मोक अलार्म असा किंचाळला की जावई खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालू लागले. इतके सगळे विनोदाचे साहित्य समोर असताना मला हसू आले नाही. मला अयोध्याकांड आठवले.

वनवासात, चित्रकूटाजवळ, रामचंद्रांना पित्याच्या निधनाची वार्ता भरताकडून कळते. मंदाकिनीच्या काठी पिंडदान करायचे, पण तांदूळ कोठून आणायचे? हिंगणाच्या फळाचा गर, त्यात बोरे मिसळून राम पिंड करतात आणि दर्भावर ठेवतात. आम्ही जे खातो तेच आपण ग्रहण करावे, कारण माणसाचे जे अन्न तेच त्याच्या देवतांचेही अन्न, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. मागाहून कौसल्यामाता तेथे येते आणि दर्भावरचा तो पिंड पाहते. पृथ्वीचे राज्य भोगलेल्या राजाला त्याच्या मुलाने हिंगणाच्या गराचा पिंड द्यावा, याहून दुःख ते काय, म्हणून तिचे हृदय विदीर्ण होते. हा प्रसंग मी काळारामाच्या नगरीत कितीदा लावला असेल याची गणती नाही. दर वेळी मी रामाच्या बाजूने बोललो. हॅरोच्या त्या स्वयंपाकघरात प्रथमच मला कळले की मी आजवर कौसल्येच्या जागी उभा होतो, आणि तिचे अश्रू मात्र माझ्यापाशी नव्हते.

पूजेला बसल्यावर खरी अडचण आली ती संकल्पाची. संकल्प म्हणजे देश आणि काल यांचा उच्चार. आपण कोठे आहोत आणि कोणत्या क्षणी आहोत हे देवापुढे खरे सांगायचे, मग पुढचे कर्म. आमच्या नाशिकला तर अहिल्याबाई होळकर पूल ओलांडला की संकल्प बदलतो. पंचवटीत गोदावरीचा उत्तर तीर, पलीकडे गावात दक्षिण तीर. आणि येथे जावई पुस्तकात पाहून दंडकारण्य आणि गोदावरीचा दक्षिण तीर म्हणू लागले! मी त्यांना थांबवले. ‘‘जावईबापू, खोटे सांगू नका. तुमची नदी कोणती?’’ ते गोंधळून म्हणाले, ‘‘टेम्स.’’ मग आम्ही दोघे व्याकरणाला बसलो. नदी म्हणून स्त्रीलिंग धरावे, ‘टेम्सा’ असे आकारान्त करावे, षष्ठी ‘टेम्सायाः’, आणि हॅरो नदीच्या उत्तरेला म्हणून ‘उत्तरे तीरे’. वैय्याकरणांना यात काही आक्षेपार्ह वाटल्यास त्यांनी अवश्य कळवावे. अमेरिकेतील पुरोहित द्वीप आणि वर्ष यांची पौराणिक नावेही बदलून म्हणतात असे ऐकले आहे. माझ्या मते नदी आणि गाव खरे सांगितले तरी पुष्कळ झाले.

जे देशाचे तेच कालाचे. नाशिकला मध्यान्ह होते तेव्हा लंडनला उन्हाळी वेळेप्रमाणे सकाळचे आठसुद्धा वाजलेले नसतात. कित्येक कुटुंबे आईवडिलांना बरे वाटावे म्हणून नाशिक-पुण्याच्या मुहूर्तावर तिकडे पूजा करतात. हे प्रेम आहे, पण शास्त्र नव्हे. चतुर्थी मध्यान्हव्यापिनी घ्यायची ती ज्याच्या त्याच्या मध्यान्हाची. अमेरिकेत यामुळे कधी कधी आपल्या आदल्या तारखेलाच चतुर्थी येते आणि ती चूक नसते. संकष्टीचेही तसेच. लंडनला भाद्रपद-आश्विनात कृष्ण चतुर्थीचा चंद्र आठ-साडेआठला दिसतो, तर चैत्र-वैशाखात तोच मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. माझी मुलगी नाशिकच्या दिनदर्शिकेतील वेळ पाहून उपास सोडत असे. तिला म्हटले, तुझ्या खिडकीतला चंद्र पाहा. आणि ज्या महिन्यात मध्यरात्र होते, दुसऱ्या दिवशी कामाला जायचे असते, त्या महिन्यात फलाहार करून राहा, देव रुसत नाही. तिकडे ऑस्ट्रेलियात तर मकरसंक्रांत भर उन्हाळ्यात येते. अंगात ऊब यावी म्हणून खायचा तिळगूळ तेथे घाम पुसत वाटावा लागतो. वाटावा, पण तो का खातात हे मुलांना सांगताना आपल्या देशातील थंडी सांगावी.

राहिला शनिवारचा प्रश्न. येथे मी मुलीचे सर्वस्वी मान्य केलेले नाही. व्रत आणि उत्सव हे दोन निराळे शब्द आहेत. व्रत तिथीला बांधलेले असते. ते त्याच दिवशी, घरात, दोघांनी, पाव तासात का होईना पण व्हावे. पाट, सुपारीचा गणपती, अक्षता, गुळाचा खडा एवढ्यानेही ते होते. उत्सव माणसांना बांधलेला असतो, आणि माणसे सुट्टीलाच जमतात. इंग्लंडात सार्वजनिक सुट्ट्या वर्षाला बहुधा आठ, त्यांत आपला एकही सण नाही. मग शनिवार-रविवारी मंडळी जमून आरती, जेवण, मुलांची नाटके करतात, त्यात वावगे काय? लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र आणणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचे. या संस्था अशा जमण्यावरच टिकल्या. २४ ऑक्टोबर १९०९ रोजी लंडनला हिंदी मंडळींनी दसऱ्याचे भोजन योजले होते. अध्यक्ष मोहनदास करमचंद गांधी, त्यांची अट अन्न शाकाहारी असावे ही. आणि रामायणाचा महिमा सांगणारे वक्ते आमच्या भगूरचे विनायक दामोदर सावरकर. तो दिवस रविवार होता. माझा आक्षेप इतकाच की शनिवारच्या सोहळ्याला चतुर्थी म्हणू नये, आणि मंडळात जाऊन आलो म्हणजे घरचे झाले असे समजू नये.

याउलट आपण वडीलधाऱ्यांनीही किती मागावे याला मर्यादा असावी. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपुरात, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे, सतरा वर्षांच्या आनंदीबाई जोशींनी भर सभेत सांगितले की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी साडी आणि शाकाहार सोडला नाही. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला, १८८६ च्या मार्चमध्ये पदवी घेतली, तेव्हा गोपाळरावही तेथे पोचले होते. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात त्या क्षयाने गेल्या, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या निष्ठेपुढे मी नतमस्तक आहे. पण आपल्या लेकीने तशी किंमत मोजावी असे जो बाप मनात धरतो, त्याच्या धर्मनिष्ठेविषयी मला शंका येते. आणि ज्या गल्लीत एकवीस मोदक दुकानातून खोक्यात येतात, गुरुजी घड्याळाकडे पाहत पूजा सांगतात आणि यजमान मधेच फोन घेतात, त्या गल्लीने हॅरोच्या फुटक्या मोदकांना हसावे काय?

यंदा पंचवटीत आम्ही दोघे आणि तिकडे ती दोघे. आमची प्राणप्रतिष्ठा झाली, नैवेद्य दाखवला, की आम्ही जेवून घेणार आणि साडेचार-पाच वाजता फोन लावून बसणार, कारण तेव्हा तिकडे मध्यान्ह होत असेल. सौभाग्यवतींनी दुसऱ्या आरतीसाठी निरांजनाच्या वाती आत्ताच वळून ठेवल्या आहेत. संकल्प यंदा जावई स्वतःच म्हणणार आहेत, पुस्तकाशिवाय. मला त्यांनी बजावले आहे की मध्ये बोलायचे नाही.